उक्त्या कामाचा चित्रकार

गिरणीच्या दरवाजाशी भल्या पहाटे उभा राहणारा बदली कामगार आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. व्हिडिओ गेम तयार होण्यापूर्वी त्यातील माणसांची व मुलखांची कल्पनाचित्रे उक्ती काढून देणारा चित्रकार हा त्याचाच भाऊबंद होय.

जपानचे योशिताका अमानो पंधराव्या वर्षी ‘तात्सुनोको’ या चलच्चित्रसंस्थेत नोकरीस लागले. १९८२ साली त्यांनी पगारावर पाणी सोडले. १९८३ साली ‘व्हॅम्पायर हंटर डी’ या कादंबरीची चित्रे काढली. १९८७ च्या ‘फायनल फँटसी’ या खेळाचे काम त्यामागून आले. अशा कारागिराजवळ दाखला एकच : आधीचे काम.

तोच दाखला आज यंत्राच्या तोंडी जात आहे. आपली चित्रे विनापरवाना वापरून यंत्रांना चित्रकला शिकवली, अशी फिर्याद कल्पनाचित्रकार कार्ला ऑर्टिझ यांनी आणखी दोघांसह जानेवारी २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात दाखल केली. एकट्या नव्हे, तिघे मिळून! आपल्या कामाचा दर एकटा माणूस सांगू शकतो. तो टिकवायला मात्र सोबती लागतात. गिरणीच्या दरवाजाने आम्हांला शिकवले ते हेच.