प्रस्तावनेचे पाच खंड

पुस्तक लिहायला बसणं सोपं असतं. बसून राहणं कठीण. पहिली वीस पानं कुणीही लिहितो. एकविसाव्या पानावर नेमका घरातला गॅस संपतो, नाहीतर खरीप तोंडावर येतो आणि आमच्या बँकेत पीककर्जवाल्यांची रांग लागते. दिघोरीसारख्या गावात बाबू पुस्तक लिहितो ही बातमी लपत नाही. पासबुक भरायला आलेला माणूससुद्धा आधी विचारतो, "काय जी, पुस्तक कुठवर आलं?" खात्यातली शिल्लक तो मागाहून विचारतो.

अशा वेळी मला ज्ञानकोशकार केतकर आठवतात. इतरांना त्यांची विद्वत्ता दिसते, माझ्यासारख्या बी. कॉम. माणसाला त्यांचं भांडवल दिसतं.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर १८८४ साली रायपूरला जन्मले, अमरावतीत वाढले, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर झाले आणि १९१२ साली परतले. मराठीत सगळ्या जगाचं ज्ञान आणायचं, असं त्यांनी ठरवलं. आता असं ठरवणारे प्रत्येक पानठेल्यावर दोन-चार भेटतात. केतकरांनी मात्र नागपुरात चक्क लिमिटेड कंपनी काढली! भाग विकले, वर्गणीदार जमवले, मदतनीस पगारावर ठेवले. पुढे बिऱ्हाड पुण्याला हललं, पण काम थांबलं नाही.

थांबणार कसं? स्वतःला दिलेला शब्द माणूस रोज रात्री माफ करून झोपतो. वर्गणीदार माफ करत नाही. आमच्याकडे कर्जाच्या कागदावर हप्त्याची तारीख का घालतात, ते इथं कळतं.

दुसरी गोष्ट अशी, की केतकरांनी पहिले पाच खंड नुसत्या प्रस्तावनेचे काढले. पाच खंड प्रस्तावना! आमच्या साहेबांनी दोन ओळींत आटपा म्हणून शेरा मारला असता. पण जे सांगायची सर्वांत जास्त ओढ होती, तेच केतकरांनी आधी सांगून घेतलं. ओढ ओसरण्याच्या आत गाडी उतारावर लागली होती.

मग आला 'अ'. अकारविल्ह्याचा मोठा गुण म्हणजे, आज काय लिहू हा प्रश्नच उरत नाही. 'क' संपला की 'ख' दारात उभाच. आणि 'क'पर्यंतचे खंड घरात आलेला वर्गणीदार 'ज्ञ'ची वाट बघतच असतो. १९२०चं दशक संपायच्या आत २३ खंड पुरे झाले. या उद्योगाची हकीकत केतकरांनी स्वतःच लिहून ठेवली. तिचं नाव, 'माझे बारा वर्षांचे काम'. बारा वर्षं!

ताळेबंद मात्र जुळला नाही. केतकरांची अखेरची वर्षं पैशाच्या ओढाताणीत गेली आणि १९३७ साली, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, ते गेले. कंपनीच्या हिशेबाने हा तोटाच.

पण ज्ञानकोशाच्या कचेरीत राबलेले य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे रिकामे बसले नाहीत. काम कसं रेटत न्यायचं, हे त्यांना आता ठाऊक होतं. १९३२ सालापासून सात विभागांत त्यांनी 'महाराष्ट्र शब्दकोश' काढला. ही रक्कम केतकरांच्या खात्यात कुठे जमा करायची, त्यासाठी आमच्या खतावणीत रकाना नाही.