अंगणात कायमचा लाकडी मांडव बांधताय? आधी खांबांचं बूड सांभाळा

चार खांब, त्यावर तुळया, वर पत्रा किंवा कौल आणि चारही बाजू मोकळ्या. असा मांडव बसायला, कांदा-मिरची निवडायला, घरच्या कार्यक्रमाला, सगळ्यालाच कामी येतो. पण पाच-सहा पावसाळ्यांत तो एका बाजूला कलला, तर लोक लाकडाला नावं ठेवतात. बहुतेक वेळा दोष लाकडाचा नसतो. खांबाच्या बुडाशी पाणी मुरतं, तिथूनच वाळवी चढते आणि वरून धडधाकट दिसणारा खांब खालून पोकळ होतो.

खांबाचं कापलेलं टोक म्हणजे हजारो बारीक नळ्यांची तोंडं. ओल्या मातीत ते पाणी ओढत राहतं. बुडाला डांबर फासून खांब पुरायची पद्धत आपल्याकडे आहे, पण लाकडाला तडा गेला की पाणी आत शिरतं आणि डांबर ते बाहेर पडू देत नाही. जुन्या वाड्यांत खांब दगडी तळखड्यावर उभे असतात, ते उगाच नाही. आजची सोय अशी : दोन फूट रुंद, अडीच ते तीन फूट खोल खड्डा घ्या, १:२:४ प्रमाणात काँक्रीट भरा आणि ते जमिनीच्या वर सहा ते नऊ इंच येऊ द्या. काँक्रीट ओलं असतानाच वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेल्या सहा मिलिमीटर जाडीच्या दोन लोखंडी पट्ट्या त्यात रोवा. खांब त्या पट्ट्यांच्या मध्ये धरून १२ मिलिमीटरचे दोन बोल्ट आरपार घाला. खांबाखाली अर्धा इंच फट राहू द्या, म्हणजे टोक वाळत राहील.

मोजमाप १० बाय १२ फुटांचं धरू. कोपरे गुण्यात आहेत का ते पाहायला दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सुमारे १५ फूट साडेसात इंच आले पाहिजेत. खांब ५ बाय ५ इंची, ९ फूट उंच. लांबीच्या दोन तुळया ४ बाय ८ इंची, दोन्हीकडे फूटभर बाहेर काढून १४ फुटी. तुळईची ८ इंची बाजू उभी ठेवा, आडवी ठेवली तर ती वाकते. रुंदीच्या दोन तुळया ४ बाय ६ इंची, १२ फुटी. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन गुणा, १४४ ने भागा, घनफूट निघतात. या हिशेबाने खांब आणि तुळया मिळून साधारण साडेसोळा घनफूट होतात, वासे आणि रिपा वेगळ्या. वखारीत जायच्या आधी हे गणित कागदावर करून न्या.

साग घेताना कडेचा पांढुरका भाग तासून टाकायला सांगा. वाळवी सागवानाचाही तो भाग खाते, टिकतो तो गाभा. आणि स्वतःच्या बांधावरचं झाड असलं तरी थेट कुऱ्हाड लावू नका. साग, ऐन, खैर, आंबा, फणस, जांभूळ, चिंच ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, त्यांना परवानगी लागते. सागाचं लाकूड गाडीत घालून न्यायचं तर वाहतूक पासही लागतो. वन परिक्षेत्र कार्यालयात आधी चौकशी करा.

तुळई खांबाच्या माथ्यावर बसली पाहिजे. बाजूला खिळे ठोकून टांगलेली तुळई म्हणजे सगळं छप्पर खिळ्यांवर. खांबाला कुसू काढून ते तुळईच्या भोकात बसवणं हा सुताराचा जुना आणि भरवशाचा सांधा आहे. प्रत्येक कोपऱ्यात अडीच फुटांवरून तिरके टेकू द्या, नाहीतर भिंती नसलेला मांडव वाऱ्यात हलतो. सागाची १४ फुटी तुळई पन्नास-साठ किलोची भरते. चार गडी हवेतच, आणि टेकू बसेपर्यंत खांबांना तात्पुरते आधार काढू नका.

मोकळ्या मांडवात वारा खालून शिरून छप्पर वर उचलतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीकडे पत्रे कसे उडाले ते आपण पाहिलंय. वासा तुळईला नुसत्या खिळ्याने नव्हे, लोखंडी पट्टीने बांधा आणि पत्र्याला वायसरसह हूक-बोल्ट वापरा. एकपाखी पत्र्याला दहा फुटांत दोन फूट उतार पुरतो. दुपाखी मंगलोरी कौलांना मात्र दर दोन फुटांमागे एक फूट हवा, म्हणजे या मापात आढं अडीच फूट वर जाईल.

लाकूड थोडं ओलं असेल तर पहिल्या उन्हाळ्यात ते आकसतं आणि बोल्ट ढिले पडतात. पान्हा घेऊन ते मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, पुन्हा आवळा.