अचल मानलेल्या पाषाणावर

सप्तशृंग गडाच्या पायथ्याचे, नाशिक जिल्ह्यातील वणी ज्या काळ्या पाषाणावर वसले आहे, तो दख्खनचा बसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून थिजलेला लाव्हा, दीर्घकाळ अचल मानला जात असे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले; परंतु त्या भूकंपाचा संबंध धरणाच्या जलाशयाशी जोडला गेल्याने उर्वरित पठाराविषयीचा विश्वास टिकून राहिला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारीत झालेल्या भूकंपाने तो संपवला.

गणेशविसर्जन आटोपून माणसे घरोघरी निजली होती. भूकंपाचे परिमाण, म्हणजे मुक्त झालेल्या ऊर्जेचे मोजमाप, ६.२ इतकेच होते. तरीही लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळजवळ १०,००० माणसे दगावली, आणि याचे कारण भूकंपाचा उगम उथळ होता एवढ्यावर न थांबता घरांच्या बांधणीत शोधावे लागते. भिंती दगडमातीच्या, दोन फूट वा त्याहूनही जाड, पण आतला व बाहेरचा थर एकमेकांत गुंतवणारे आरपार दगड नसलेल्या. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर पसरलेले जाड मातीचे सपाट छप्पर. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच माती काही सेकंदांत निजलेल्यांवर कोसळली. जेथे माळवदाचा भार लाकडी खांबांनी पेलला होता, तेथे भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे आढळली, आणि जुन्या सुतारांच्या या कौशल्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

मातीखाली गाडलेल्या माणसाचा श्वास फार काळ टिकत नसल्याने पहिले काही तास निर्णायक होते, आणि बाहेरची मदत पोहोचेपर्यंत वाचलेल्यांनीच आपले व शेजाऱ्यांचे ढिगारे हातांनी उपसले. त्यानंतर लष्कर आले, सामूहिक अंत्यसंस्कार झाले, पावसाने उघड्यावरच्या कुटुंबांचे हाल वाढवले. वर्षभरापूर्वी, १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, किल्लारीला धक्के बसून गेले होते, हे आठवले की या मृत्यूंचे दुःख अधिकच बोचते.

किल्लारी तेव्हा भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होती; २००२ च्या भारतीय मानकाने तो पट्टाच रद्द केला, आणि त्याच मानकात नाशिक तिसऱ्या, मध्यम धोक्याच्या पट्ट्यात होते. दिंडोरी, पेठ, सुरगाणा व कळवण या तालुक्यांत अधूनमधून जाणवणाऱ्या सौम्य धक्क्यांची नोंद नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे ‘मेरी’त, होते. किल्लारीनंतर मराठवाड्यात तग धरून राहिलेल्या जुन्या भिंतींना आरपार जोड देऊन त्या बळकट करण्याची पद्धत राबवली गेली. वणी परिसरातील दगडमातीच्या जुन्या घरांनाही ती तितकीच लागू पडते.