नंबर लागला हो!

पूर्वी पुण्यात स्कूटर कोणी विकत घेत नसे. तिला नंबर लावावा लागे. १९७२ साली आकुर्डीहून 'चेतक' निघाली, थेट राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन. पण वर्षाकाठी किती घोडे सोडायचे, ते दिल्लीचं लायसन्स ठरवी. त्यामुळे नंबर यायला आठ-दहा वर्षंही जात. परकीय चलन मोजणाऱ्याला म्हणे लवकर मिळे. आमच्याकडे देशी चलनाचीच बोंब!

बाबांनी नंबर लावला तेव्हा मी तिसरीत होतो. आला तेव्हा कॉलेजात, आणि ताईचं लग्न ठरलेलं. स्कूटर जावईबापूंकडे गेली. दुसऱ्या दिवशी पंचावन्न वर्षांच्या बाबांनी सायकलवर टांग मारली आणि पुन्हा नंबर लावून आले.