मॅट्रिकपासून नीटपर्यंत : परीक्षेला केव्हा बसावे?



जळगाव-धुळ्याच्या मोहल्ल्यांत दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न निघतो : प्रवेशपरीक्षेला बारावीबरोबरच बसावे, की एक वर्ष थांबून तयारीने बसावे? हा प्रश्न आजचा नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. पुढे मॅट्रिक म्हणजे शाळेचा शेवट असे आपण समजू लागलो. मुळात ती कॉलेजच्या दाराशी घेतलेली परीक्षा होती. म्हणूनच शाळा आधी प्रिलिम घेत आणि कच्च्या विद्यार्थ्याचा फॉर्म पुढच्या वर्षावर ठेवीत. त्याला थांबवीत, शिक्षण सोडायला सांगत नसत.

थांबणे आणि सोडणे यांतला फरक बद्रुद्दीन तय्यबजींच्या चरित्रात स्पष्ट दिसतो. १८६० साली ते इंग्लंडला गेले आणि १८६३ साली कायद्याच्या शिक्षणासाठी मिडल टेंपलमध्ये दाखल झाले. दृष्टी व प्रकृती खालावल्याने १८६४च्या अखेरीस त्यांना मुंबईला परतावे लागले. सुमारे वर्षभराने ते पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर झाले. ते वर्ष वाया गेले असे कोण म्हणेल? याच तय्यबजींनी १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि १८८७ साली ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली. १९७५ साली नव्या आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा झाली. पुढे वैद्यकीय व अभियांत्रिकीसाठी वेगळ्या प्रवेशपरीक्षा आल्या. जेईई मेन २०१९ पासून वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा होते. नीटसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ती किती वेळा द्यावी यावर मर्यादा नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड मात्र लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. नियम बदलतात, म्हणून त्या-त्या वर्षीचे माहितीपत्रक अवश्य वाचावे. नीट व जेईई मेन मराठीतून आणि उर्दूतूनही देता येतात, हेही अनेक पालकांना ठाऊक नसते.

एके काळी उच्च शिक्षणासाठी खानदेशातल्या मुलाला मुंबई-पुणे गाठावे लागे. आज धुळ्यात १९८९ पासून आणि जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दार जवळ आले. धीर मात्र आपणच धरायचा आहे. पहिल्या प्रयत्नात गुण कमी पडले की मुलाला यंत्रमागावर किंवा दुकानात बसवायचे आणि मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू करायची, ही घाई थांबवू या.

तयारी असेल तर बारावीबरोबरच बसा. नसेल तर एक वर्ष ठरवून, वेळापत्रक आखून थांबा. पण मुलाला दिलेली दुसरी संधी मुलीलाही द्या.