तंजावरला स्वतःचे धोरण होते

तंजावरच्या भोसल्यांविषयी एक मत आता सिद्धान्तासारखे मिरवते. त्यांनी संगीत, नाटक, ग्रंथ जपले. पण परराज्यांशी वागताना बलाढ्य शेजारी म्हणेल ती पूर्वदिशा. या मताला आधार नाही असे नाही. समोर येईल त्याला खंडणीचे वचन, आज हा पक्ष, उद्या तो, आणि अखेर इंग्रजांशी झालेल्या १७९९ च्या तहाने राजे सरफोजींकडे किल्ला व भोवतालचा थोडा मुलूख उरला. हे सारे खरे. निष्कर्ष मात्र खोटा.

१७४९ साली इंग्रज चालून आले ते पदच्युत शहाजींना गादीवर बसवायला. देवीकोट्टै त्यांनी जिंकले. गादीवर असलेल्या प्रतापसिंहांनी ते तहात सोडून दिले. बदल्यात इंग्रजांनी शहाजींचा पक्ष टाकला आणि ते पुन्हा उपद्रव देणार नाहीत याची हमी घेतली. एका किल्ल्याच्या मोलात दावेदाराचा पाठीराखाच फोडला. याला शरणागती म्हणायचे?

त्याच वर्षाअखेर कर्नाटकच्या नबाबीचा दावेदार चंदासाहेब आणि त्याचे पाठीराखे फ्रेंच तंजावरला भिडले. प्रतापसिंहांनी त्यांचा शत्रू, हैदराबादचा निजाम नासिरजंग, जवळ येईपर्यंत घासाघीस चालवली आणि ५६ लाखांचा कागद लिहून दिला. तोच कागद घेऊन १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लाली वसुलीला आला. पुन्हा बोलणी लांबली, तिरुचिरापल्लीहून इंग्रजांची कुमक आली, आणि ऑगस्टात लालीने वेढा उठवला. कागद कागदच राहिला.

विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा ते स्वतः क्वचितच मांडतात, म्हणून मीच मांडतो: पाणी. स्वामीमलै-कुंभकोणमची भातशेती कावेरीवर जगते, आणि त्या पाण्याची किल्ली असलेला कल्लणैचा बंधारा इंग्रजांचा दोस्त असलेल्या अर्काटच्या नबाबाच्या ताब्यातील मुलखाशी. दुरुस्ती अडवली की अख्खा प्रांत उपाशी. याहून मोठे दडपण कोणते? तरीही १७६४ च्या सुमारास नबाबाने दुरुस्तीला हरकत घेतली, तेव्हा तंजावरने इंग्रजांच्या मद्रास सरकारकडे दाद मागून आपला हक्क राखला.

मग राज्य बुडाले कशाने? जानेवारी १७६१ मध्ये फ्रेंचांचे पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडले. १७६२ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या मध्यस्थीने तह झाला: नबाबाला थकबाकीचे २२ लाख आणि दरसाल ४ लाख. १७७३ मध्ये नबाबाने कंपनीच्या फौजेनिशी राज्यच गिळले. १७७६ मध्ये ते परत मिळाले, पण किल्ल्यात कंपनीची शिबंदी बसली. प्रतापसिंहांनंतर गादीवर आलेले त्यांचे पुत्र तुळजाजी यांच्या चुकांचा बचाव मी करणार नाही. पण हा क्रम पाहा. बलाढ्य शेजारी १७४९ लाही होताच. १७६१ नंतर नाहीसा झाला तो त्याचा तुल्यबळ प्रतिस्पर्धी.

यावर कोणी म्हणेल, दुसऱ्यांच्या भांडणावर जगणे हे धोरण कसले? सयाम इंग्रज आणि फ्रेंच यांच्यामध्ये असाच टिकला. त्याला आपण मुत्सद्देगिरी म्हणतो. प्रतापसिंहांनाच निराळे माप का?

वाचकहो, न्याय तुम्ही करा. मागणी एवढीच, की दत्तक नातू सरफोजींनी १७९९ मध्ये केलेल्या तहावरून १७६३ मध्ये वारलेल्या आजोबा प्रतापसिंहांना दोषी धरू नका.