टिचकी ते टिकमार्क

इतिहास म्हटला की आपल्याला तलवारी, तह आणि सनावळ्या आठवतात. मोटार गॅरेजलाही इतिहास असतो हे शाळेत कुणी सांगत नाही. तो गाडी बंद पडल्यावर, वर्धा रोडच्या कडेला, मे महिन्याच्या उन्हात आपला आपणच शिकावा लागतो. माझ्या मते या इतिहासाचे तीन कालखंड पडतात : कानयुग, कागदयुग आणि काचयुग.

कानयुगात मिस्त्री हाच वैद्य आणि मिस्त्री हाच ग्रंथ. आमची फियाट दारात उभी राहिली की तो आधी चहा सांगे. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून, नाडी पाहावी तसा डोळे मिटून उभा राही. शेवटी बॉनेटला एक टिचकी मारून निकाल देई, "काई नाई झालं जी साहेब. टॅपेट बोलून राहिले फक्त."

"आणि ब्रेक? पाहिले का?"

"पाहून घेतो ना बाप्पा!"

आता 'पाहिले' आणि 'पाहून घेतो' यांत व्याकरणाच्या दृष्टीनं फरक थोडाच. पण गाडीतली चार माणसं त्या फरकावर बसून घरी येत असत.

कागदयुगाची सुरुवात गॅरेजात नव्हे, विमानतळावर झाली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत, ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचं नवं बॉम्बर विमान उडालं, उंच चढलं आणि कोसळलं. मेजर प्लॉयर हिल आणि बोइंगचे वैमानिक लेस्ली टॉवर या दोघांचे प्राण गेले. इंजिनं ठणठणीत होती, वैमानिक मुरलेले होते. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्यानं शेपटीचे पंख हलू नयेत म्हणून लावलेला खटका तेवढा काढायचा राहिला होता. त्यावर सैन्यानं उपाय केला तो आपल्या आयांना केव्हापासून ठाऊक असलेला : यादी! उडण्यापूर्वी एकेक कलम मोठ्यानं वाचायचं. तेच विमान पुढं बी-१७ म्हणून नावाजलं.

आपल्याकडे १९३९च्या मोटार कायद्यानं प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना तंदुरुस्तीचा दाखला लावला. खासगी मोटारीला मात्र १९८८च्या कायद्याखालीही, धूर सोडला तर, पंधरा वर्षं प्रकृतीबद्दल कुणी विचारत नाही. जणू पन्नाशीआधी खोकला येतच नाही!

१४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीच्या किल्ल्या दिल्या. पुढं नवी गाडी आमच्या दारी आली, तिच्या मागोमाग जॉबकार्डही आलं. छापील रकाने, गाडीचं चित्र, चित्रावर ओरखड्यांच्या खुणा. वाटलं, आता सुटलो. पण टिकमार्क करायला गाडीखाली जावं लागत नाही, हा शोध पोरांनी लवकरच लावला. एका वर्कशॉपनं (नाव कशाला घ्या!) माझ्या कार्डावर 'स्टेपनी : ठीक' असं लिहून दिलं. स्टेपनी तेव्हा पंक्चरवाल्याकडे होती.

आता काचयुग. पोराच्या हातात टॅब्लेट असतो. फोटो काढल्याशिवाय टॅब्लेट पुढचं कलम दाखवत नाही. म्हणजे स्टेपनी निदान हजर तरी असावी लागते. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे लवकरच, लाल म्हणजे आत्ता. अहवाल फोनवर येतो, आणि सौभाग्यवतींच्याही फोनवर येतो, त्यामुळे 'पुढच्या महिन्यात बघू' हे माझं जुनं धोरण पार कोलमडलं आहे. खरी गंमत आकड्यांची. टायरची नक्षी मागच्या खेपेला चार मिलिमीटर होती, आता अडीच आहे. कायद्यानं मोटारीला १.६च्या खाली चालत नाही. कानयुगात टायर 'अजून चालते साहेब' एवढाच असे.

पण यादीला यादीतलंच दिसतं. वळणावर येणाऱ्या 'कुर्रकुर्र'ला रकाना नसतो. म्हणून शहाणा गॅरेजवाला शेवटी 'इतर' असा एक रकाना ठेवतो, आणि तो भरायला कानवाला माणूसच लागतो.

हे सगळं कुणासाठी? ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. ५ जून २०२५ला पूर्ण ७०१ किलोमीटर. सरळ काँक्रीट, ताशी १२० ची मुभा, वर विदर्भाचं ऊन. गुळगुळीत टायर तिथं दगा देतात, माणसं जातात. म्हणून २०२३मध्ये परिवहन खात्याला नागपूरच्या टोकाशी गाड्यांचे टायर तपासायला माणसं उभी करावी लागली.

आम्ही शिर्डीला निघताना आजही गाडीपुढं नारळ फोडतो. फक्त त्याआधी चारही टायरांचे फोटो पाहतो, स्टेपनीचाही. प्रवासात काही फुटायचंच असेल तर ते दारातच फुटावं, आणि तो नारळ असावा.